तारमास्तरांच्या दोन खोल्या

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या नगरच्या दाळमंडईत घरोघर आवराआवर सुरू व्हायची. फुटक्या बरण्या, पाय मोडलेली स्टुलं, काजळी धरलेले कंदील असलं सगळं माळ्यावरून उतरून ओट्यावर येऊन पडायचं आणि जुन्या बाजारवाले ते गोळा करून न्यायचे. साऱ्या गल्लीतून असं सामान बाहेर पडत असताना एका बिऱ्हाडात मात्र ते आत येत असे. ते बिऱ्हाड माझ्या शेजारचं, आणि ते सामान आणणारे गृहस्थ म्हणजे आमचे तारमास्तर.

मी तेव्हा नुकताच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो होतो. लढाईचे दिवस होते. साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर, आणि फिरता फिरता किल्ल्याच्या बाजूला गेलं तर शिपाई हटकायचा. एका शेटजींच्या भुसार दुकानावर लाकडी माडी होती आणि तिच्यात तीन खोल्या. जिन्याजवळची माझी, पुढच्या दोन तारमास्तरांच्या. मध्ये भिंत म्हणून ज्या फळ्या ठोकल्या होत्या त्यांतून फोडणीचा वास आणि माणसाचं बोलणं सारख्याच सहजपणे येई. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी मुद्दाम ऐकलेलं नाही. उरलेलं निम्मं मुद्दाम ऐकलं आहे.

तारमास्तर पन्नाशीकडे झुकलेले, काटकुळे, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातल्याशिवाय खिडकीतूनही न डोकावणारे. तारऑफिसात वर्षानुवर्षं बसून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला एक खोड लागली होती. पुढ्यात टेबल असो, जिन्याचा कठडा असो, नाहीतर माझा खांदा असो, ते बोट त्यावर टकटक करत राही. आपण आत्ता काय बोललो हे ते बहुधा कुठेतरी कळवत असावेत. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द मोजून पाठवणारा हा माणूस स्वतःच्या संसारातही शब्द उधळत नसे. एकदा त्यांनी संगमनेरला बायकोला लिहिलेलं कार्ड टाकायला माझ्याकडे दिलं. मी वाचलं, कारण ते एका नजरेत वाचून होत होतं. "दिवाळीस येणे. घर सजले."

"ख्यालीखुशाली काही नाही?" मी विचारलं.

"ती त्यात आलीच," तारमास्तर म्हणाले.

पण हेच गृहस्थ एखाद्या जुन्या वस्तूपुढे उभे राहिले की त्यांना आवरणं कठीण. टवका उडालेल्या एका बशीवर त्यांनी मला एकदा माझी दळणाची पिशवी खांद्यावर असताना अर्धा तास उभं केलं होतं. ती बशी म्हणे भिंगारच्या छावणीतल्या एका कर्नलची. त्याची मेम आजारी पडली तेव्हा ती याच बशीतून पेज पीत असे, आणि शेवटच्या दिवशी तिच्या हातून बशी निसटली, तो हा टवका. हे तुम्हांला कुणी सांगितलं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सांगायला कशाला लागतं? टवका बघा ना," ते म्हणाले. मी बघितला. मला टवका दिसला.

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. "नवी वस्तू म्हणजे अनोळखी पाहुणा, तिच्याशी बोलायचं काय?" हे एक. कापडबाजारात दिवाळीची गर्दी बघून ते हे वाक्य मोठ्यानं म्हणत आणि दुकानदार त्यांच्याकडे वाईट नजरेनं बघत. दुसरं वाक्य, "वस्तूला जागा द्यावी लागत नाही, ती आपली जागा करून घेते." हे मात्र अगदी खरं होतं. पुढच्या खोलीच्या दारात टोप्या अडकवायचा एक उंच शिसवी खांब उभा होता. त्याला बारा खुंट्या. त्यातल्या एकीवर तारमास्तरांची एकुलती एक टोपी असे आणि उरलेल्या अकरा येणाऱ्याजाणाऱ्याच्या सदऱ्यात अडकत. त्याच्या पलीकडे एक आरसा, ज्यात कपाळ आणि हनुवटी दिसे पण मधलं काही दिसत नसे. एका घड्याळाला तासकाटा नव्हता, त्यामुळे किती वाजून वीस मिनिटं झाली ते आपलं आपण ठरवायचं. आतल्या खोलीत देवांच्या बरोबर समोर काळविटाचं मुंडकं होतं. ते लावलं त्या वर्षी वहिनींनी ते पाहिलं आणि देवांपुढे पडदा लावला.

वहिनी म्हणजे तारमास्तरांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनी वर्षातले सहा दिवस नगरला असत, बाकीचे सगळे संगमनेरला भावाकडे. भावाची तंबाखूची वखार होती, घर मोठं होतं. पूर्वी एकदा भावजयीच्या बाळंतपणाला म्हणून वहिनी तिकडे गेल्या आणि चार महिन्यांनी परत आल्या, तर जिथं त्या रात्री अंथरूण टाकत तिथं एक शिसवी कपाट उभं होतं. आठ दिवस त्या चुलीपाशी पाय मुडपून झोपल्या. मग भाऊ सहज भेटायला आला, त्यानं ते पाहिलं, आणि तो बहिणीला घेऊन गेला. तेव्हापासून हे असं चाललं होतं. लोकांना सांगायचं कारण वेगळं होतं. "आमच्या मंडळींना नगरचं पाणी मानवत नाही," असं तारमास्तर सांगत.

गंमत अशी की त्यांची सगळी सजावट होती ती वहिनींसाठी. यात काडीचं खोटं नाही. दर वर्षी दसरा झाला की ते मला म्हणत, "मास्तर, यंदा मंडळी राहणार. घरात बाईला थांबावंसं वाटलं पाहिजे. घर असं पाहिजे की पाऊल निघू नये." आणि पाऊल निघू नये म्हणून ते सुटीच्या दिवशी जुन्या बाजारात जात, भिंगारला कुणा साहेबाची बदली झाली की तिथल्या लिलावाला जात, आणि काहीतरी घेऊन येत. वहिनी वसुबारसेला येत. भाऊबीजेला भाऊ येई आणि त्यांना घेऊन जाई. पाऊल निघू नये हे तारमास्तरांनी साधलं होतंच. त्यांच्या घरात कुणालाच पाऊल टाकता येत नसे, तिथं निघणार कुठून?

लढाई संपली त्या दिवाळीला त्यांनी भिंगारच्या लिलावातून अंघोळीचा टब आणला. पत्र्याचा, पांढरा रोगण ठिकठिकाणी उडालेला, माणूस पाय लांब करून बसेल एवढा. तो मोरीच्या दारातून आत जाईना, म्हणून पुढच्या खोलीत ठेवला. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यात ऊन पाणी भरलं गेलं. मला मुद्दाम बोलावणं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"बसल्या पाण्यात अभ्यंग?" त्या म्हणाल्या. "मग अंग धुवायचं कशात आणि विसळायचं कशात?"

"मेजर रोज बसत होता," आतून उत्तर आलं.

"मेजरला सोवळं नव्हतं," वहिनी म्हणाल्या आणि तांब्या घेऊन मोरीत गेल्या.

तारमास्तर उटणं लावून टबात बसले. फटाके वाजत होते, शेजारी पायाखाली चिरांटं फुटत होती आणि हे गुडघे कानाला लावून मेजरच्या थाटात बसले होते. इथवर ठीक होतं. पण पाणी भरताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते आता आलं, की भरलेला टब रिकामा कसा करायचा. मी आणि त्यांनी एका बाजूनं तो उचलायचा प्रयत्न केला. उचलला गेला, पण जरा जास्तच. पाणी फळ्यांवर पसरलं, फटींतून खाली गेलं, आणि खाली शेटजींच्या तुरीच्या डाळीची पोती होती.

शेटजी ओल्या धोतरानं वर आले. "अहो तारमास्तर, वरून गंगा आली की हो! आन् वास बी येतोय उटण्याचा. माझ्या डाळीला अभ्यंग घातला काय तुमी?"

"शेटजी, हा टब साधा नाही, एका मेजरचा आहे," तारमास्तर म्हणाले.

"मग त्या मेजरला बोलवा डाळ वाळवायला!"

मेजर काही आला नाही. वहिनींनी ती डाळ गच्चीवर पसरली आणि त्या दिवाळीचे त्यांचे उरलेले दिवस कावळे हाकलण्यात गेले. टब तिथंच राहिला. पुढे त्यात फराळाचे डबे ठेवू लागले.

हे सगळं मी हसत हसत सांगतो, तेव्हाही हसत होतो. तारमास्तर मला आवडत. एकटा होतो, संध्याकाळी कुणाकडे बसावं तर त्यांच्याकडे. भिंगारहून काही उचलून आणायचं असलं की एक बाजू माझ्या हातात असे. आपण इथं एका बाईला तिच्याच घरातून बाहेर काढायला हातभार लावतो आहोत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझं मला सुचलं नव्हतं. ते वहिनींनी सांगितलं.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीची ही दिवाळी. साहेब लोक भराभर निघाले होते आणि भिंगारला लिलावांचा नुसता पाऊस पडत होता. तारमास्तरांना घरी येऊन जेवायला वेळ नव्हता. आकाशकंदील म्हणून त्यांनी एका मेमच्या दिव्यावरची झालरीची रेशमी टोपी खिडकीत टांगली होती. लांबून बघणाऱ्याला कुणीतरी परकर वाळत घातलाय असं वाटे.

वसुबारसेच्या दुपारी वहिनी आल्या. संध्याकाळी मी बाहेरून येतो तो त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर शेगडी मांडून चकल्या तळत होत्या. आत चुलीपर्यंत जायला वाट होती, पण चुलीपाशी बसायला जागा उरली नव्हती. तारमास्तर घरात नव्हते.

"बसा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. मग जिन्याकडे बघून म्हणाल्या, "बसा तरी कुठं म्हणू? खालच्या पायरीवर बसा."

मी बसलो. त्यांनी मला गरम चकली दिली. पहिली चांगली झाली का ते विचारलं. मग झाऱ्यानं तेल हलवत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दादानं मागच्या अंगणात माझ्यासाठी खोली बांधलीय. वेगळी चूल, वेगळं दार. भावजय चांगली आहे, तिचीच कल्पना. यंदा इथं राहायला झालं तर राहीन. नाहीतर पुढच्या दिवाळीला मी यायची नाही."

मी चकली हातात धरून बसलो.

"हे त्यांना सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी जाईन या भीतीनं जागा केली, तर ती माझी जागा थोडीच? माझ्याआधी त्या कपाटात कोणाचे कपडे होते ते त्यांना ठाऊक आहे. त्या कर्नलच्या बायकोला काय दुखत होतं तेही ठाऊक आहे. भाऊजी, मी जुन्या बाजारातून आले असते तर बरं झालं असतं."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. त्या रात्री मला माझीच लाज वाटली, हे सांगायला हरकत नाही.

सांगायचं नाही म्हटल्यावर सांगता येईना, आणि गप्पही बसवेना. धनत्रयोदशीला सकाळी मी तारमास्तरांना जिन्यात गाठलं आणि मला जमलं तेवढ्या बेतानं म्हटलं, "वहिनी फार थकतात हो. इथं त्यांना नीट अंग टाकायला काही नाही. त्याचं काहीतरी बघा."

तारमास्तर थांबले. कठड्यावर बोट टकटकलं. "खरं आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नाही. मास्तर, तुम्ही डोळे उघडलेत." आणि ते घाईघाईनं खाली उतरले. मी अगदी खूष होऊन कापडबाजारात गेलो आणि त्या भरात स्वतःसाठी एक उपरणं घेतलं.

संध्याकाळी परत येतो तो दुकानापुढे हातगाडी उभी, आणि तिच्यावर लोखंडी पलंग. साधा नव्हे. दोन माणसांचा, चारी कोपऱ्यांवर पितळेचे गड्डे, वर मच्छरदाणीच्या उंच सळया. भिंगारहून ओढत आणणारे दोन हमाल घामाघूम होऊन गाडीला टेकले होते.

"ह्यो पलंग हाय का पूल हाय?" एक हमाल मला म्हणाला. "लई जड हाय. वर न्यायचाय म्हनत्यात, आन् जिना तर ह्यो एवढुसा."

"न्यायचा," तारमास्तर म्हणाले. "सुटा होतो. मी विचारून घेतलंय."

पलंग सुटा झाला, वर गेला आणि आतल्या खोलीत पुन्हा जोडला गेला. त्यासाठी आतलं बरंचसं सामान पुढच्या खोलीत आलं. पलंग जोडून झाल्यावर असं दिसलं की आतल्या खोलीत आता पलंग आहे आणि दुसरं काही नाही, जमीन धरून. एका बाजूला देव, एका बाजूला चूल, आणि दोन्हीकडे जायचं तर पलंगावरून. त्याला गादी नव्हती. ती वेगळी विकली गेली होती. नुसत्या तारांचं जाळं होतं, त्यावर हात ठेवला तरी ते कण्हत असे.

"ब्रिगेडियरचा," तारमास्तर मला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "अंग टाकायला म्हणालात ना? हिला आता काही कमी नाही."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पलंगाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. बोललो मी होतो, हे त्यांना लगेच कळलं.

लक्ष्मीपूजन माझ्या खोलीत झालं, कारण चौरंग मांडायला तिथंच जमीन होती. वहिनी रात्री जिन्याच्या वरच्या चौकात अंथरूण टाकत. तारमास्तर टबाशेजारी पाय उभे करून झोपत. ब्रिगेडियरच्या पलंगावर कुणीच झोपत नसे. गादी मिळाली की मंडळींना झोपू देऊ, असं तारमास्तर म्हणत. मी दिवस मोजत होतो. उद्या पाडवा, परवा भाऊबीज.

पाडव्याला ओवाळायलाही माझीच खोली. तारमास्तर कोट-टोपी घालून पाटावर बसले. मी होतो आणि शेटजी फराळाला आले होते. वहिनींनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. आता तबकात ओवाळणी घालायची. तारमास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला. डाव्या, मग उजव्या, मग आतल्या. पलंगानं सगळं नेलं होतं. तबक हातात धरून वहिनी उभ्या होत्या आणि शेटजी करंजी खाता खाता थांबले होते.

मला वाटलं, हे आता माझ्याकडे उसने मागणार. पण तसं झालं नाही. तारमास्तर ताठ बसले. "यंदा मी तुला असली तसली ओवाळणी घालणार नाही," ते म्हणाले. "ह्या दोन खोल्यांत मी जे जे आणलं ते सगळं तुझं. पलंग, कपाट, आरसा, सगळं. आजपासून माझं काही नाही."

इतका मोठा मजकूर ते बायकोपाशी बहुधा प्रथमच बोलले असावेत. स्वतःचं बोलणं ऐकून ते स्वतःच गहिवरले.

"सगळं?" वहिनींनी विचारलं.

"सगळं."

"शेटजी, भाऊजी, ऐकलंत ना?"

"ऐकलं की," शेटजी म्हणाले आणि त्यांनी करंजी पुरी केली. मीही ऐकलं होतं. वहिनींनी तबक खाली ठेवलं आणि वाकून नवऱ्याला नमस्कार केला. काही विचित्र झालं आहे असं आम्हां दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला भाऊ आला. दणकट, मोठ्या आवाजाचा, तंबाखूचा वास येणारा माणूस. वखारीची मालमोटार घेऊन आला होता. नगरच्या व्यापाऱ्याला पोती पोचवायची आणि परत जाताना बहिणीला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं, असा दर वर्षीचा रिवाज होता. मोटार रिकामी होऊन दुकानापुढे उभी राहिली. जेवणं झाली. वहिनींनी भावाला ओवाळलं. त्यानं तबकात घडी घातलेलं रेशमी लुगडं ठेवलं. वहिनींनी ते उचलून परत त्याच्या हातात दिलं.

"हे घरी वहिनीला ने, दादा. मला यंदा दुसरीच ओवाळणी हवीय."

"माग की," भाऊ म्हणाला. "आजच्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. काय हवं?"

"जाताना माझं सामान घेऊन जा."

"त्यात मागायचं काय? ट्रंक कुठाय तुझी?"

"ट्रंक राहू दे," वहिनी म्हणाल्या. "बाकीचं."

भावाला कळायला थोडा वेळ लागला. तारमास्तरांना त्याहून जास्त लागला. मला मात्र एकदम कळलं. भाऊ उठला, दोन्ही खोल्यांच्या दारांतून वाकून बघून आला, आणि मोठ्यानं हसला. "घर मोठंय आपलं," तो म्हणाला. "मावेल." मग जिन्यातून त्यानं मोटारीच्या माणसांना हाक मारली.

"पण हे..." तारमास्तर म्हणाले. "अगं, पण हे..."

"काल म्हणणं झालं होतं ना, सगळं म्हणून?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. एका हातात तबक होतं, आणि निरांजन विझू नये म्हणून त्यांनी दुसरा हात आडवा धरला होता. त्यांच्या लेखी हे शेवटचं होतं. तारमास्तर आता नाही म्हणाले असते तर त्या ट्रंक उचलून मोटारीत बसल्या असत्या. ते मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

तारमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण एकदा बोलून मी पलंग आणवला होता, त्यामुळे गप्प बसलो. मोटारीची माणसं जिना चढून वर आली होती. त्यातला एक आरशाला हात घालणार, तेवढ्यात तारमास्तर पुढे झाले. मला वाटलं, संपलं सगळं.

"असा नाही," ते म्हणाले. "आधी वरचा खिळा काढ. मग खालून धर."

पुढे दोन तास सामान उतरत होतं. सगळी गल्ली ओट्यावर येऊन बघत होती. तारमास्तर प्रत्येक वस्तूबरोबर जिना उतरत, मोटारीपर्यंत जात, आणि मेव्हण्याला बजावत. टब उन्हात ठेवू नका, रोगण उडेल. काळविटाचं तोंड पूर्वेकडे करा. हा खांब शिसवी आहे, त्यावर ओलं उपरणं टाकू नका. मेव्हणा सगळ्याला बरं म्हणत होता आणि मोटारीत गोणपाट कोंबत होता. पलंगाचे गड्डे तारमास्तरांनी स्वतः चिंधीत गुंडाळले. मध्येच ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "गेलेली तार मागे घेता येत नाही, मास्तर." मग पुन्हा वर गेले.

मोटार निघून गेली. धुरळा खाली बसला. शेटजी दुकानात गेले. मी माझ्या खोलीत येऊन बसलो. शेजारच्या खोल्यांत पहिल्यांदाच पावलांचा आवाज घुमत होता. वहिनी केर काढत होत्या. त्यांच्या हातातल्या केरसुणीचा सरळ, लांब आवाज एका भिंतीपासून निघून दुसऱ्या भिंतीपर्यंत जात होता. मध्ये कुठं अडत नव्हता.

थोड्या वेळानं माझ्या दारात तारमास्तर उभे राहिले. डोक्यावर टोपी नव्हती. बोडकं डोकं मी त्यांचं प्रथमच पाहिलं. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला बोल लावतील. ते आत आले, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, आता आत जाऊन मी हिच्याशी बोलायचं काय?"

मी हसलो. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू थांबलं. एका टवक्यावर अर्धा तास बोलणारा हा माणूस खरोखर घाबरला होता. मला त्यांची फार दया आली, आणि आजवर कधी वाटली नव्हती एवढी माया वाटली.

"इतकी वर्षं काहीतरी बोलत असालच की," मी म्हटलं.

"ह्याच्याविषयी. त्याच्याविषयी," ते म्हणाले आणि त्यांनी फळ्यांच्या भिंतीकडे हात केला.

"मग असं करा. प्रवास कसा झाला ते विचारा."

"ती येऊन पाच दिवस झाले."

"विचारलं होतंत?"

त्यांनी सदरा नीट केला आणि गेले. मी फळ्यांना पाठ लावून बसलो. हे मी मुद्दाम ऐकलेल्यांपैकी आहे. पलीकडे केर काढणं थांबलं.

"प्रवास कसा झाला?" तारमास्तरांनी विचारलं.

केरसुणी कोपऱ्यात टेकवल्याचा आवाज झाला. मग वहिनींचा आवाज आला. "सर्व्हिस मोटारीला फार गर्दी होती. बसायला जागाच मिळाली नाही. संगमनेरपासून नगरपर्यंत उभी होते."

माझ्या पाठीमागं फळीवर बोट टकटकलं.

"मग बस की आता," ते म्हणाले.